कासवाच्या पिल्लासाठी बागेत सुरक्षित वाफा कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. आम्ही दक्षिण जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. गेल्या महिन्यात एका पैदासकाराकडून हर्मन जातीच्या कासवाचे दीड वर्षाचे पिल्लू रीतसर कागदपत्रांसह घेतले. त्याची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असून वजन ४० ग्रॅम आहे. सध्या ते काचेच्या पेटीत आहे. मात्र दिवसभर एकाच कोपऱ्यात काचेवर पाय घासत राहते, हे पाहवत नाही. घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगत २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद मोकळी जागा आहे व तेथे दुपारी चारपर्यंत ऊन असते. शेजारचे मांजर आणि मॅगपाय पक्षी मात्र रोज येतात, शिवाय मे महिन्यातही रात्रीचे तापमान कधी कधी ५ अंशांपर्यंत उतरते. कुंपण किती उंच व किती खोल असावे, आणि रात्री पिल्लू घरात आणावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

ताई, पारदर्शक भिंत म्हणजे अडथळा, हे कासवाला उमगत नाही. पलीकडचे दिसत असल्यामुळे ते हट्टाने तिथेच धडपडत राहते. म्हणून बागेतल्या वाफ्याच्या भिंतीही जाळीच्या न करता लाकडी फळ्यांच्या करा. जाळीवर पिल्लू चढते आणि त्याचा पाय अडकतो. फळ्या जमिनीच्या वर ३० सेंटिमीटर आणि जमिनीखाली निदान १५ सेंटिमीटर असाव्यात. लाकडाला रासायनिक लेप नसावा. कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्या, कारण दोन भिंतींच्या खाचेत पाय टेकत पिल्लू आश्चर्य वाटावे इतके वर चढते; चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी फळी आडवी ठोकली की तो मार्ग बंद होतो.

उंदीर, घुशी खालून उकरून येतात, त्यामुळे तळाशी वेल्डमेशची जाळी अंथरून तिच्या कडा फळ्यांना पक्क्या करा व तिच्यावर १५ ते २० सेंटिमीटर माती घाला. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी येथे चालणार नाही, कारण उंदीर ती कुरतडतो आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून लहान उंदीर सहज आत येतो. १२ मिलिमीटर छिद्राची जाळी घ्या. वरूनही त्याच जाळीची, बिजागरी आणि कडी असलेली चौकट हवी. मॅगपाय आणि कावळा कोवळ्या कवचावर चोच मारतात, आणि एवढ्या लहान पिल्लाच्या बाबतीत हाच धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. तापमानाविषयी थोडे सांगतो. वाफ्याच्या एका टोकाला, भाजीची रोपे थंडीपासून जपण्यासाठी जर्मनीत वापरतात ती पारदर्शक झाकणाची पेटी, म्हणजे ‘फ्र्यूबेट’, बसवा आणि तिच्या भिंतीत पिल्लू ये-जा करू शकेल असे छोटे दार ठेवा. हर्मन कासव भूमध्यसागराच्या किनारपट्टीवरचे आहे. ५ अंशांची एखादी रात्र ते कोरड्या, आडोशाच्या जागी सहन करते, पण दिवसा शरीर तापवता आले नाही तर त्याला खाल्लेले पचत नाही. ढगाळ दिवसांसाठी पेटीत दिवा लावून त्याच्याखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब मिळेल असे पाहा. साध्या काचेतून सूर्याची अतिनील बी किरणे आत येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नसल्याने कवच मऊ राहते, म्हणून झाकणाला काच नको. अतिनील किरणे जाऊ देणारे अ‍ॅक्रिलिक मिळते, ते बसवा.

पेटीत ऊन कोंडले की तापमान काही मिनिटांतच जीवघेणे होते. त्यासाठी झाकणाला आपोआप उघडणारा दांडा लावावा. त्याच्या नळकांड्यातले मेण उष्णतेने फुगून झाकण उचलते, त्याला वीज लागत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. एक शंका आहे: झाकण आपोआप उघडले, की मांजर किंवा पक्षी त्या फटीतून आत शिरणार नाही का?

उत्तर २

नेमकी शंका आहे, आणि पहिल्या वर्षी मीच हा मूर्खपणा केला होता. सुदैवाने मॅगपाय आत डोकावत असतानाच मी खिडकीत उभा होतो. झाकणाच्या खाली, पेटीच्या कडांवर जाळीची दुसरी चौकट कायम बसवून ठेवा. झाकण उघडले तरी जाळी बंदच राहते.

उत्तर ३

मातीकडे दुर्लक्ष करू नका. पिल्लू कोरड्याच जमिनीवर वाढले तर कवचावर उंचवटे येतात, त्यामुळे बागेची माती आणि थोडी चुनखडीची खडी यांचे मिश्रण लपण्याच्या जागी ओलसर राहू द्या. पाण्याचे ताट इतके उथळ असावे, की उभ्या पिल्लाच्या हनुवटीपर्यंतच पाणी येईल. पसरट दगड पक्के रोवा. डळमळीत दगडावरून उलटलेले पिल्लू भर उन्हात सरळ होऊ शकले नाही तर मरते. सावलीसाठी लव्हेंडर लावा, आणि पिल्लाच्या खाण्यासाठी डँडेलियन हे रानफूल तर आपोआप उगवतेच. कण्हेर आणि ऱ्होडोडेंड्रॉन विषारी असल्याने वाफ्याजवळही नकोत. शिवाय स्थानिक निसर्ग-संरक्षण कार्यालयात नोंद केली नसेल तर आधी ती करा.

उत्तर ४

मी पुण्यात राहतो. हे वाचून आपल्याकडे कोणी स्टार कासवासाठी असा वाफा करू पाहील, म्हणून लिहितो: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते घरी पाळणे गुन्हा आहे, मग विकणारा कितीही खात्री देवो. घरात आधीपासून असेल तर रानात परस्पर सोडून देऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.