मी स्वतःला जे मानतो ते सगळ्यांनी मानायलाच हवं का?

ऐरोलीकर:
आमच्या ऑफिसात नवीन फॉर्मवर स्त्री-पुरुषसोबत ट्रान्सजेंडरचा रकाना आला आणि जेवताना त्यावरून जोरात वाद झाला. एक सीनियर म्हणाले, माणूस सांगेल तेच खरं धरायचं तर उद्या मी म्हणेन माझं वय तीस, परवा कोणी म्हणेल मी आदिवासी, मग तेही मानायचं का? मला पटलं नाही पण उत्तरही सुचेना, आणि समोर बसलेल्या एका मुलीचा भाऊ ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या दाखल्यावर मुलगी, ती मान खाली घालून जेवत होती ते फार लागलं. रेष नक्की कुठे काढायची आणि का?

कोर्टनाका:
वयाचं तर खरंच घडलंय. नेदरलँड्समध्ये २०१८ साली एमिल राटेलबांड नावाचे ६९ वर्षांचे गृहस्थ वीस वर्षं कमी करून द्या म्हणून कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं मनाने तरुण रहा, तसं वागा, पण कागदावर बदलणार नाही, कारण मतदान, शाळेची सक्ती असं बरंच काही वयावर ठरतं. उलट आपल्या सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ च्या, ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरच्या नालसा निकालात लिंगओळख ही माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग मानली आणि ऑपरेशनची अट घालता येणार नाही असं सांगितलं. तरी २०१९ चा कायदा आला त्यात कलेक्टरचं सर्टिफिकेट ठेवलंच, आणि त्यावर स्त्री किंवा पुरुष लिहून हवं तर शस्त्रक्रियेचा पुरावा मागितला. म्हणजे नुसतं तोंडाने सांगितलं आणि झालं असं नव्हतंच, हे त्या सीनियरना सांगा.

शहापूरची लेक:
मी ठाकूर आदिवासी, म्हणून "मी आदिवासी" हे उदाहरण कोणी सहज दिलं की राग येतो. व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीच्या सर्टिफिकेटसाठी, आमच्या घरात आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून शोधाशोध झाली, वर चालीरीती, देव, लग्नातले विधी विचारतात ती आप्तभाव चाचणी, ज्यावर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की केवळ तिच्यावर दावा ठरवता येणार नाही. खऱ्या माणसांची ही गत! जात ही माझ्या मनातली भावना नाही ओ, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला कसं वागवलं त्याचा हिशोब आहे तो. १९९६ च्या वल्सम्मा पॉल केसमध्ये हेच आलं, लग्न करून मागास जातीत आलेल्या बाईला त्या जातीच्या राखीव जागेचा लाभ नाही, कारण लहानपणापासूनचे ते चटके तिने सोसलेले नाहीत. त्या मुलीच्या भावाने स्वतःला पुरुष म्हटलं तर माझी कुठली सीट जाते?

हार्बर प्रवासी:
ताई, जातीबद्दल शंभर टक्के बरोबर, पण हाच युक्तिवाद बायकांनाही लागू होतो ना? बाई असणं म्हणजेही लोकांनी जन्मापासून कसं वागवलं ते आलंच. अमेरिकेत २०१५ ला रेचल डोलेझाल या गोऱ्या आईबापांच्या मुलीने स्वतःला काळी म्हणवलं ते उघड झालं, आणि २०१७ मध्ये रिबेका टूवेल या तत्त्वज्ञ बाईंनी विचारलं की लिंगाला जो न्याय तो वंशाला का नाही, तर केवढा गदारोळ झाला. प्रश्न वाईट हेतूचा नसतो दर वेळी. लेडीज डब्यात रात्री साडेदहाला बसणाऱ्या बाईची भीती खरी असते, तिला मागासलेली म्हणून गप्प करू नका एवढंच म्हणणं.

नेरुळ ईस्ट:
भीती खरी आहे, मान्य, आणि म्हणूनच लिहितोय. मी ट्रान्स पुरुष आहे. हे एका सकाळी उठून ठरवलेलं नाही, शाळेच्या युनिफॉर्मपासून घरच्यांशी भांडत आलोय, गॅझेटमध्ये नाव बदललं तरी बँकेत दर वेळी सगळ्यांसमोर जुनं नाव पुकारतात. आता मला दाढी आहे, आवाज फुटलाय, मी जनरल डब्यात चढतो. जन्माच्या दाखल्यावरच सगळं ठरवायचं म्हटलं तर मला रात्री साडेदहाला लेडीज डब्यात बसावं लागेल. त्या बाईला विचारा, तिला मी कुठे बसलेला चालेन. आणि ऐरोलीकर, त्या मुलीला सांगा की भावाला बोलायचं असेल तर मला इथे मेसेज करू दे.