दार्जिलिंग चहा बेचव लागला तर आधी पाणी बदलून बघा

दार्जिलिंग चहा बेचव, त्यात पैसे वाया, असं कुणी कुणी म्हणतं, ते मला नाही पटलं. दुधात उकळायला आपला सीटीसीच (नेहमीचा दाणेदार चहा) पाहिजे, दार्जिलिंगला दूध घातलं की वासच जातो. पण पाण्याचा विषय कुणीच काढला नाही. आमच्या परभणीकडं बोरचं पाणी जड, त्यात कोरा चहा केला की वर चकचकीत तवंग येतो, कपाला तपकिरी कडं धरतं अन् चव पार मरून जाते, हे सगळं पाण्यातल्या कॅल्शियममुळं. तीच पत्ती जारच्या फिल्टर पाण्यात तीन मिनिटं झाकून ठेवा, काय सुगंध सुटतो! लिंबू पिळलं तरी तवंग जातो, पण मग दार्जिलिंगची मजा राहत नाही. मला पहिल्या तोडणीचा, मार्च-एप्रिलातला सगळ्यात आवडतो, दुपारी, बिनसाखरेचा. सकाळी मात्र अद्रक घातलेला दुधाचाच लागतो.