गोल्फ क्लबची दुरुस्ती घरी करावी का? कोल्हापुरात तरी करावीच

उद्यमनगरकर

माझ्या ओळखीचे बहुतेक गोल्फर साधी ग्रिप बदलायची झाली तरी क्लबांची पिशवी पुण्याला पाठवतात. मला हे पटत नाही. ज्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, जिथं लेथवर सूत न् सूत पकडणारे टर्नर गल्लोगल्ली बसलेत, त्या गावातल्या माणसानं वीतभर रबरी नळी चढवून घ्यायला सव्वादोनशे किलोमीटरवर जावं?

माझं म्हणणं सरळ आहे. ग्रिप, लांबी आणि वजन ही तीन कामं घरी करावीत, आणि स्वतःच्या हातानं करावीत.

ग्रिपचंच घ्या. जुनी ग्रिप आकडीच्या पात्यानं आपल्यापासून लांब ओढत कापायची. साधं पातं ग्रॅफाइट शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, ओरखडा काढतं आणि पुढं तिथूनच तो फुटतो, म्हणून आकडीचंच पातं घ्या. जुनी टेप केस वाळवायच्या ड्रायरनं सैल करून सोलायची. नवी दुतर्फा चिकटणारी टेप लावताना ती शाफ्टच्या टोकाबाहेर थोडी ठेवून आत दुमडायची. मग ग्रिपच्या टोकाचं भोक बोटानं दाबून आत टर्पेन्टाइन ओतायचं, हलवायचं, तेच टेपवर सोडायचं आणि न थांबता ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकलायची. सरळ करायला मिनिटभर मिळतो. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेन्टाइन पुरतं. काही जण पेट्रोल वापरतात, ते कुणीही करू नका, बंद खोलीत तर मुळीच नको. रात्रभर वाळू द्या.

आणि ग्रिप म्हणजे नुसती पकड नव्हे. खाली मास्किंग टेपचा एक वेढा जास्त दिला की जाडी साधारण 1/64 इंचानं वाढते. ज्यांची बोटं आखडतात, सांधे दुखतात, त्यांना तीन-चार वेढ्यांनी केवढा फरक पडतो! हा फरक दुकानदाराला कळणार नाही, तुमच्या हाताला कळेल. वेढा वाढवा, दहा चेंडू मारा, पुन्हा बघा. हे घरीच होऊ शकतं.

वजनाचंही तेच. ग्रिपच्या टोकापासून 14 इंचांवर क्लब तोलला की त्याच्या डोक्याकडं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाकडं, किती ओढ आहे, ते स्विंगवेट. डोक्यामागं 2 ग्रॅम शिशाची पट्टी लावली की ते एका अंकानं चढतं. ग्रिप 4-5 ग्रॅमनं जड झाली की एका अंकानं उतरतं. सराफ वापरतात तसला छोटा काटा घ्या आणि कामाला लागा. शिसं हाताळल्यावर हात तेवढे धुवा.

हिरवळ

दादा, ग्रिपबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण तुम्ही तीन कामं म्हणता, ती तीन नाहीतच. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे.

समजा तुम्ही सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याचा क्लब, ग्रिपच्या टोकाकडून अर्धा इंच कापलात. स्विंगवेट सुमारे तीन अंकांनी खाली आलं. शाफ्ट हाताला थोडा ताठ लागायला लागला. आणि हात पूर्वीच्याच उंचीवर राहिले तर शाफ्ट जास्त उभा होतो, डोक्याचं पुढचं टोक जमिनीला टेकतं, टाच उचलली जाते. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू मग उजवीकडं जातो. अर्ध्या इंचाला लायमध्ये, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनात, साधारण एका अंशाचा फरक धरतात. म्हणजे तुम्ही एक दुरुस्ती करून तीन बिघाड घरी आणलेत. मग माणूस म्हणतो, माझा स्विंग बिघडलाय, आणि तो सुधारायच्या नादात महिने घालवतो. हे मी मैदानावर पाहिलंय, म्हणून इतक्या पोटतिडकीनं लिहितोय.

फिटिंग करणारा, म्हणजे क्लब खेळाडूच्या मापाचा करून देणारा, आधी डोक्याच्या तळाला टेप लावून फळीवर चेंडू मारायला लावतो, खूण कुठं उमटते ते पाहतो आणि मगच आरी हातात घेतो. घरी हे कोण करतं?

तुम्ही शाफ्ट बदलण्याबद्दल लिहिलं नाहीत, पण लोक तिथंच पोचणार. ग्रॅफाइटवर गॅसची ज्योत धरली की आतलं रेझिन करपतं, वरून काही दिसत नाही. डोकं काढताना पिळलं की थर सुटतात, ते सरळ रेषेत पुलरनंच ओढावं लागतं. एपॉक्सी नीट मिसळला नाही किंवा होजेल, म्हणजे डोक्याची शाफ्ट बसायची नळी, आतून घासून साफ केला नाही, तर जोड आज धरेल आणि कधी सुटेल ते सांगता येणार नाही. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचं, डोकं साधारण 200 ग्रॅमचं. हौशी पुरुषाच्या हाती ते ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास फिरतं. ते सुटलं तर समोर कोण उभं आहे याचा विचार करा.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

मी खेळतो कमी, पण ओतकामात बरीच वर्षं काढलीत, म्हणून धातूबद्दल बोलतो.

लाय वाकवायचा विषय निघालाच आहे तर ऐका. बाजारातले बरेच आयर्न इन्व्हेस्टमेंट कास्टिंगचे असतात. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि आत धातू ओतायचा. पिंग कंपनीच्या कार्स्टन सोलहाइमनी 1960च्या दशकात ही पद्धत आयर्नसाठी रुळवली. आपल्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात वाळूच्या साच्यात बिडाचं काम मोठं, पण हे बीड नव्हे. यात 17-4 स्टेनलेस खूप वापरतात, उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं. ते एखाददुसरा अंश वाकतं, पुढं रेटलं की होजेलपाशी तडकतं. गरम करून वाकवू म्हणाल तर केलेली प्रक्रियाच वाया. याउलट 1025 कार्बन स्टीलचा फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, आयर्न मऊ असतो, तो शांतपणे वाकतो.

म्हणून घरच्या व्हाइसमध्ये डोकं आवळून पाइप घालून कुणी जोर लावू नका. पण हिरवळ, तुम्ही सगळं पुण्यावर सोडता तेही मला पटत नाही. डोकं घट्ट धरणारं फिक्स्चर, अंश दाखवणारं गेज आणि तोंडाला पितळ लावलेला बार, एवढंच ते यंत्र. पाच-सहा जणांनी मिळून उद्यमनगरातून करून घेतलं तर लाय आणि लॉफ्ट (डोक्याचा पुढचा भाग मागं कललेला असतो तो कोन) इथंच तपासता येईल. वाकवलं नाही तरी मोजता येईल, आणि निम्मं काम मोजण्याचंच आहे.

शाहूपुरी

स्पर्धा खेळणाऱ्यांनी नियमही बघून ठेवा. पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) सोडून क्लबची लांबी 48 इंचांच्या वर नको. 2022पासून मोठ्या स्पर्धांना 46 इंचांची मर्यादा घालायची मुभाही आहे. शिशाची पट्टी फेरी सुरू व्हायच्या आधी लावलेली चालते, फेरी चालू असताना मुद्दाम काढली किंवा लावली आणि त्या क्लबनं फटका मारला तर दंड बसतो.

टाकाळा

मला वेगळीच काळजी आहे. मुलांसाठी बाबांचा जुना सेट कापून देतात, त्याचं काय? माझी मुलगी दहा वर्षांची आहे. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं की नवीन कशाला, हाच कापू. पण डोकं तेच जड, शाफ्ट तोच ताठ, फक्त आखूड झालेला. तिला तो मनगटानं उचलावा लागतो आणि पुढं तीच सवय लागते. याला तरी घरची दुरुस्ती म्हणू नका, प्लीज.

उद्यमनगरकर

ताई, तुमचं शंभर टक्के खरं. मुलांना हलक्या डोक्याचा, लवचीक शाफ्टचाच क्लब द्यावा. वापरलेला चालेल, पण मुलांसाठीच बनवलेला हवा.

हिरवळ, तुमचा लायचा मुद्दा बरोबर आहे. पण त्यातून 'घरी करू नका' हे निघत नाही, 'मोजून करा' हे निघतं. तळाला टेप लावून फळीवर चेंडू मारणं कुणालाही जमतं. कापण्याआधी ग्रिप अर्धा इंच खाली धरून महिनाभर खेळा. चेंडू कुठं जातो ते दिसेल आणि शाफ्ट शाबूत राहील. नंतर स्टीलचा शाफ्ट पाइप कटरनं कापा. ग्रॅफाइट असेल तर टेप गुंडाळून बारीक दातांच्या करवतीनं कापा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ वाईट. स्विंगवेट तीन अंक उतरलं तर 6 ग्रॅम शिसं डोक्यामागं लावा.

शाफ्ट बदलायचं म्हणाल तर स्टीलवर हात बसल्याशिवाय ग्रॅफाइटला हात घालू नये, हे मीही मानतो. एपॉक्सीला 24 तास द्यायचे, पावसाळ्यातल्या गारठ्यात जास्तच.

हिरवळ

अर्धा इंच खाली धरून महिनाभर खेळायचं, हे मान्य. आधी हेच लिहायला हवं होतं, कारण वाचणारा आरीपाशी लवकर पोचतो.

ड्रायव्हरच्या जोडाबाबत माझा विरोध कायम आहे. तो घरी करू नये. स्वतःचा नाही आणि मित्राचा तर मुळीच नाही.

फाउंड्रीवाले काका, त्या फिक्स्चरच्या खर्चात माझा वाटा धरा. गेजची अचूकता अर्ध्या अंशाची तरी हवी, नाहीतर मोजण्याला अर्थ नाही.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

अर्धा अंश जमेल. डोकं पकडणारा जबडा मात्र वेगवेगळ्या आकारांचे आयर्न धरेल असा करायला हवा, खरं काम तिथं आहे. प्रत्येकानं आपापला सात नंबर व्हर्नियरनं मोजून होजेलचा बाहेरचा व्यास आणि तळाची रुंदी इथं लिहा. त्यावरून ड्रॉइंग काढतो.