‘ट्रीकल’ची विहीर: काकवी की उतारा?

प्रश्न: ऑक्सफर्डमध्ये पोर्ट मेडोजवळून टेम्सच्या काठाकाठाने चालत बिन्झी या खेड्यात गेले होते. तेथील सेंट मार्गारेटच्या लहानशा चर्चलगत दगडी पायऱ्यांची एक पवित्र विहीर असून लोक तिला ‘ट्रीकल वेल’ म्हणतात; आजच्या इंग्रजीत ‘ट्रीकल’ म्हणजे घट्ट, काळसर, गोड पाक. भाचीला पाठवायच्या पत्रात मी ‘काकवीची विहीर’ असे लिहिले, तर ताईने ते खोडले. लुइस कॅरलच्या १८६५ च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या पुस्तकामध्ये अशाच विहिरीच्या तळाशी राहणाऱ्या तीन बहिणींची गोष्ट आहे, तेव्हा काकवी ठेवावी की नाही?

कोल्हापूरकर: काकवी मुळीच नको. काहिलीतला रस गूळ धरण्याच्या जरा आधी उतरवला की काकवी होते. साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी, आणि ट्रीकलचे नाते मळीशी आहे. आमच्या घरी भाकरीशी काकवी खातात, मळी कोणी ताटात घेत नाही.

नागपूरकर: दोन्ही नकोत. ट्रीकलचा मूळ अर्थ विषावरचे औषध असा आहे. ग्रीक ‘थेरिआके’पासून तो शब्द आला आणि अरबी-फारसीतला ‘तिर्याक’ही तोच, गोड पाकाचा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. ऑक्सफर्डची संरक्षक संत फ्रिड्सवाइड हिच्या प्रार्थनेने येथे झरा फुटला आणि तिच्या मागे लागून आंधळ्या झालेल्या राजपुत्राला त्या पाण्याने दृष्टी आली, अशी आख्यायिका आहे. म्हणून ‘उताऱ्याची विहीर’ म्हणावे.

पुणेकर: ‘उतारा’ म्हटले की सातबारा आठवतो किंवा तिठ्यावर ठेवलेला नारळ. आयुर्वेदात विषचिकित्सेला अगदतंत्र म्हणतात, तेव्हा ‘अगदकूप’ हा शुद्ध आणि नेमका शब्द होईल.

कोल्हापूरकर: आणि तो भाचीला कोण समजावून सांगणार? विषावर उतारा असे आमची आजीसुद्धा म्हणायची. बोलण्यातला शब्द टाकून कोशातला उचलण्याचे कारण मला दिसत नाही.

नगरकर: माझी हरकत ‘विहीर’ या शब्दालाच आहे. पाण्यापर्यंत पायऱ्या उतरतात ती बारव, आणि वरून पोहरा सोडतात तो आड.

प्रश्नकर्ती: बारव म्हणायला ती फारच लहान आहे; पायऱ्या मोजक्याच असून खाली वाकले की पाण्याला हात लागतो.

नागपूरकर: मग ते कुंड झाले. आमच्याकडे रामटेकला देवस्थानाजवळच्या अशा पाण्याला कोणी बारव म्हणत नाही.

नगरकर: कुंडात माणूस उतरून स्नान करतो. येथे ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे असेल, तर ‘झरा’ का नको?