श्रमदानाला कोण येते, कोण येत नाही : ग्रामीण विदर्भातील अनुभव

गावाच्या कामासाठी विनामोबदला वेळ देताना मिळकत, हंगाम आणि घरची परिस्थिती यांचा काय परिणाम झाला, ते प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवावरून लिहावे. उपदेश टाळावा.

संत्राबागायतदार, वरुड तालुका (अमरावती)
2016 साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव आणि अंबाजोगाई यांच्यासोबत आमचा वरुडही होता. पुढे ते वारे आमच्या गावातही आले. भूजल खोल गेल्यामुळे बाग वाळण्याची धास्ती होती, म्हणून आम्ही बागायतदार पहाटेच टिकास-फावडे घेऊन चर खोदायला हजर असायचो आणि मजूर येत नाहीत म्हणून कुरकुरायचो. शेवटी रोजाने जाणाऱ्या एका बाईंनी तोंडावर विचारले, "पानी मुरन तं तुमचा बगीचा जगन भाऊ, माह्या घरी काय येईन?" मला तर आठ वाजता घरी परतून चहा मिळत होता, त्यांना त्याच वेळी दुसऱ्याच्या शेतात पोहोचायचे असे, उशीर झाल्यास रोजी बुडे. त्यानंतर त्यांच्या वस्तीतील हातपंपाच्या वरच्या अंगाचा नाला आधी घेण्याचे ठरले आणि वेळ संध्याकाळची केली, तेव्हा त्या बायका आल्या, आणि आमच्यापेक्षा सरस खोदकाम करून गेल्या.

धानोरा तालुका (गडचिरोली)
बाहेरच्या विद्यार्थ्यांचे श्रमसंस्कार शिबिर नेमके मे महिन्यात आमच्या गावी आले, आणि गावकरी उदासीन असल्याची नोंद करून गेले. त्या दिवसांत घरातील सगळेच तेंदूपानासाठी उजाडण्यापूर्वी जंगलात जातात आणि दुपारभर सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. या थोड्या दिवसांच्या कमाईवर पेरणीचा खर्च अवलंबून असतो. पाऊस संपल्यावर बोलावले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे मजुरीतील दहा टक्के रक्कम ग्रामकोषात देण्याची पद्धत आहे. रोजी न बुडवता गावासाठी काही देण्याचा हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

आशा कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा
कागदोपत्री मी स्वयंसेविका आहे आणि मोबदल्याचा काही भाग कामानुसार मिळतो. पोलिओच्या रविवारी बूथवर बसते, तेव्हा शेजारणी कापूस वेचायला गेलेल्या असतात आणि त्यांना किलोमागे पैसे मिळतात. "तुले तं सेवेचं पुण्य भेटते," असे म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या किराण्याची उधारी पाहावी.

निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा
आमच्या ग्रामसफाईत निम्मे लोक निवृत्तिवेतनधारक आहेत. माझी सेवावृत्ती दर महिन्याला बँकेत जमा होणाऱ्या रकमेवर उभी आहे, हे मान्य करायला मला संकोच नाही. नोकरीत असताना, मुले शिकत होती तेव्हा, सुट्टीचा दिवसही मी शिकवण्यांत घालवत असे.

धान उत्पादक, भंडारा जिल्हा
ज्या तलावाचा गाळ आम्ही रोजगार हमीतून काढला, त्याच तलावावर पुढच्या उन्हाळ्यात श्रमदानाची दवंडी पिटली गेली. मजुरी पंधरा दिवसांत द्यावी, असे कायदा सांगतो, पण आधीच्या कामाचे पैसे अनेकांना मिळाले नव्हते. दवंडी ऐकून लोक जमले खरे, पण फावड्याऐवजी जॉबकार्ड घेऊन.