न्यूयॉर्कचं घड्याळ सरकलं, जळगावची फायरवॉल अडली

जळगावहून प्रश्न
राम राम मंडळी. आमचं आठ जणांचं ऑफिस. न्यूयॉर्कच्या एका गिऱ्हाइकाचे हिशेब रात्रपाळीत लिहितो. त्यांच्या सर्व्हरची वाट त्यांच्या ९ ते ५ मध्येच उघडी ठेवायची, ही त्यांची अट. म्हणून लिनक्सवर आयपीटेबल्समध्ये (कुठली जोडणी जाऊ द्यायची ते ठरवणारी फायरवॉल) वेळेचा नियम टाकला: यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १४:०० ते २२:००, आपले संध्याकाळचे साडेसात ते पहाटे साडेतीन. हिवाळाभर बिनघोर चाललं. १० मार्च २०२५, सोमवार, संध्याकाळी साडेसहालाच गिऱ्हाइकाचा फोन, पोरं खुर्चीवर आणि जोडणी बंद! आदल्याच दिवशी त्यांचं घड्याळ उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेलेलं. मला खरी धास्ती दुसऱ्या टोकाची आहे. अडीचला त्यांचं ऑफिस मिटल्यावरही आमचं दार तासभर उघडंच राहिलं असतं. कर्नलटीझेड (नियमात यूटीसीऐवजी मशीनचा टाइमझोन धरायचा पर्याय) लावून पाहिलं, फरक पडला नाही. दर मार्च-नोव्हेंबरला हातानं बदलत बसू का?

धुळ्याहून उत्तर
भाऊ, कर्नलटीझेड आधी काढ. त्यात कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, टाइमझोन लागतो, तोही कुणी सेट केला असेल तर. तुझ्या मशीनवर फार तर साडेपाच तास मिळतील, न्यूयॉर्क कधीच नाही. नियमाला फक्त यूटीसी कळतं. घड्याळ कधी सरकतं त्या तारखांचा हिशेब टाइमझोनच्या फाइलींत असतो, तेव्हा वेळ नियमातून बाहेर काढ. सिस्टमडीच्या (लिनक्सवर कामं सुरू-बंद करणारा प्रोग्राम) टायमरमध्ये वेळेपुढे अमेरिका/न्यूयॉर्क लिहिता येतं. एक टायमर ९ ला उघडेल, दुसरा ५ ला मिटेल.

भुसावळहून उत्तर
दादा, दोन टायमर चालतील, पण आपल्याकडे लाइटचा भरवसा काय? मशीन रात्री दहाला बंद पडून उठली, तर ९ चा टायमर आधीच होऊन गेलेला, दार बंदच. मी दर पाच मिनिटांनी एकच स्क्रिप्ट चालवतो: न्यूयॉर्कचा वार आणि तास विचारायचा, सोमवार ते शुक्रवार ९ ते ५ असेल तर फायरवॉलच्या सेटमध्ये (परवानगीच्या पत्त्यांची यादी) त्यांच्या सर्व्हरचा पत्ता, नाहीतर सेट रिकामा. आणि चालू जोडण्यांना वाट देणारा एस्टॅब्लिश्डचा नियम वर असेल, तर ५ नंतरही जुनी जोडणी सुरूच राहते. मिटताना कॉनट्रॅकमधून (चालू जोडण्यांची नोंद) ती काढ.

जळगावहून
दोघांचे आभार. भुसावळच्या दादांची स्क्रिप्ट लावली. लाइट मुद्दाम घालवून पाहिली, मशीन उठल्यावर पाच मिनिटांत दार उघडलं. एस्टॅब्लिश्डचा नियम खरंच वर निघाला, अडीचनंतर एक जोडणी जिवंत सापडली. २ नोव्हेंबरला त्यांचं घड्याळ मागे येईल. दुसऱ्या दिवशी सोमवारी साडेसहालाच मशीनसमोर बसतो. दार साडेसातलाच उघडायला हवं.