सुया टोचून किती फरक पडतो?
वडिलांच्या कमरेतली मणक्याची नळी अरुंद झालीय, अ‍ॅक्युपंक्चर करावं का, असं विचारलंत. आमच्या अण्णांचंही हेच दुखणं. जन्म यंत्रमागापुढं उभं राहण्यात गेला. आता सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाला अर्धी चक्कर होत नाही, पोटऱ्या भरून येतात. कट्ट्यावर वाकून बसले की दोन मिनिटांत मोकळे. सायकलवर मात्र अशोक चौकापर्यंत आरामात जातात! पुढं वाकलं की नळीत जरा जागा होते, त्याची ही करामत.

चीनमधल्या ५ रुग्णालयांत या दुखण्यावर अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी झाली, २०२४ मध्ये छापून आली. १९६ रुग्ण, ६ आठवड्यांत १८ बैठका. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना कातडीत न शिरणाऱ्या खोट्या. २४ गुणांच्या प्रश्नावलीत खऱ्यांनी त्रास ४.५ गुणांनी उतरला, खोट्यांनी ३.२ नं. म्हणजे नुसत्या टेकवलेल्या सुयांनीही बरं वाटलं की! उरला फरक १.३ चा, रोजच्या चालण्याफिरण्यात जाणवेल इतका नाही.

करायचंच तर करा, पण सगळ्या बैठकांचे पैसे आधी भरू नका. आमच्याकडे व्यायाम आणि सायकलवरच भागतंय. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर मात्र सुयांच्या नादी न लागता त्याच दिवशी सर्जन गाठा.